रिकाम्या पारड्यात चाळीस ग्रॅम

राग माझा पाच मिनिटांचा.
हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो,
जसं कुणी सांगतं, आमच्याकडे पाणी चोवीस तास.
पुढचे अकरा दिवस मी हिशोबात धरत नसे.

त्या अकरा दिवसांत मी घरात असतो आणि नसतो.
ताट आलं की जेवतो.
मुलाला म्हणतो, आईला सांग, गॅसवाला येऊन गेला.
आई हाताच्या अंतरावर मटार सोलत बसलेली.
मुलगा सांगत नाही. नववीत गेलाय,
निरोप्याची नोकरी त्यानं सोडली.

या वेळी कारण, तिच्या भावासमोरचं एक वाक्य:
"यांना नको विचारूस, यांना काही आठवत नाही."
खरं होतं ते. म्हणूनच बहुधा
मी स्टीलचा पेला असा आपटला
की वरच्या कानिटकरांनी रेडिओ बारीक केला.
मग गप्प झालो.
गप्प राहणं म्हणजे राग गिळणं, अशी माझी समजूत.
बघा, मी काही बोललो का?
माझं सगळ्यात धारदार बोलणं हेच होतं.

रविवार पेठेत माझं दुकान. काटे दुरुस्त करतो.
पितळी तराजू आता दिवाणखान्यात टांगायला जातात,
येतात ते बॅटरीवरचे, लाल आकड्यांचे.
परवा मात्र मंडईतून हौसाबाई दांगट
जुनाच तबकडीचा काटा कडेवर घेऊन आल्या.
"बघ रे बाबा, गिऱ्हाईक म्हणतंय मी मापात मारते."
टेबलावर ठेवला. पारडं रिकामं, काटा चाळिसावर.
"तो तिथंच उभा असतो," त्या म्हणाल्या, "सवय आहे त्याला."
ताटली काढली. खाली
चिंचेचा गोळा, वाळून दगड झालेला,
त्यात रुतलेलं रुपयाचं नाणं, कोथिंबिरीची काडी.

"वर्षभर भांडले त्या नर्सबाईशी.
म्हणलं, तुझीच नजर फिरलीय."
गोळा तळहातावर घेऊन बघत राहिल्या.
"आता कुणाकुणाला शोधू?
दिसेल तिला मूठभर जास्त घालीन.
अन् तिला सांगीन, बाई, काटा माझा चुकला."
एवढंच. जाताना मला वीस रुपये कमी दिले.

संध्याकाळी स्वारगेटच्या सिग्नलला एकशे दहा सेकंद.
मागच्यानं हॉर्न मारला. माझी मान वळली,
शब्द दातांशी येऊन थांबलेला,
आणि वाटलं, यानं तर अजून काही टाकलंही नाही पारड्यात.
मग माझा काटा कुठं उभा आहे?
सकाळपासून. की चाळीस वर्षांपासून.
बाबांचाही तिथंच उभा असायचा,
आम्ही त्याला स्वभाव म्हणायचो.

धनकवडीपर्यंत एकच वाक्य घोकलं.
जिना चढताना त्यातले "पण" आणि "तूसुद्धा" गाळले.
उरलं ते इतकं लहान
की कुणापुढे धरायला लाज वाटावी.

वृंदा कुकरची रिंग धूत होती.
म्हणालो, "चुकलं माझं."
तिनं नळ बंद केला नाही.
विचारलं, "कुठलं?"

याचं उत्तर मी घोकलं नव्हतं.
पेल्याचं? या अकरा दिवसांचं?
की पहिल्या दिवाळसणाचं,
जेव्हा ती एकटीच माहेरी गेली
आणि मला ताप आहे म्हणून सांगत राहिली?
जुनी सवय म्हणाली, चल, आत जा, दार लाव.
गेलो नाही. ओट्याजवळचं स्टूल ओढलं.
एक पाय आखूड आहे त्याचा, डुगडुगतं,
दुरुस्त करीन म्हणालो त्याला चार वर्षं झाली.
बसलो त्याच्यावर तोल सांभाळत.
म्हणालो, "थांब, आठवतोय."

तिनं नळ थोडा बारीक केला.